बोट जाईल इतकी फट

आमची मारुती ८०० म्हणजे १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. २०१४ पासून ही गाडी बनणं बंद आहे, तरी पार्ट मिळतात, आणि मिळतात तोवर आप्पा ती विकू देणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तिने कुरकुर सुरू केली. न्यूट्रलला उभी असली की गर्रर्र आवाज, क्लच दाबला की चिडीचूप. आप्पांनी पायरीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "इनपुट शाफ्टचं बेअरिंग." क्लचवरून पाय काढलेला असतो तेव्हा तो शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरत राहतो. दाबला की थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. एवढंच असतं तर बेअरिंग बदलून भागलं असतं. पण दुसरा गिअरही खरखरत पडत होता, आणि गिअर ऑइल सोडलं तर परातीत नुसता चमचमता चुरा. आप्पांनी त्यात बोट बुडवलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "दुसरा गिअरबॉक्स बघ."

आप्पा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये फिटर होते. आता गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही. त्यामुळे वाटणी अशी झाली की गाडीखाली मी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ते. मी बँकेत कॅशवर बसते. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नखांतलं ग्रीस बघून शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवलं.

जुना गिअरबॉक्स भंगारवाल्याकडे साडेचार हजारांना मिळाला. घेताना आप्पांनी दोन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. शाफ्ट हाताने फिरवून बघ, कुठे अडकतो का. आणि आपली क्लच प्लेट पिशवीत घालून घेऊन जा, त्या शाफ्टवर सरकवून बघ. दाते जुळले नाहीत तर बॉक्स फुकट मिळाला तरी आणू नकोस. प्लेट सुळकन बसली. मी खूश. बॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाकडे मात्र नीट बघितलं नाही, ते पुढे भोवलं.

उतरवण्याबद्दल फार सांगत नाही. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्याला आप्पा माणसात धरत नाहीत), बॅटरी सोडली, स्टार्टर, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरचा रॉड काढला. लोअर आर्म सोडवून चाकांना फिरवणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट टॉमीने, म्हणजे छोट्या पहारीने, उचकटून बाहेर घेतले. गिअरबॉक्सच्या बाजूचं मौंटिंग काढलं की इंजिन खाली लोंबतं, म्हणून बॉनेटखाली आडवा पाइप टाकून ते दोराने टांगलं. दीड दिवस गेला. त्यातला अर्धा दिवस एका गंजलेल्या १४ नंबरच्या बोल्टने खाल्ला.

उघडलंच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही नवीन घातलं. प्लेट बरोब्बर मध्यावर बसवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. त्यासाठी डमी शाफ्ट मिळतो, आमच्याकडे नव्हता. आप्पांनी स्वयंपाकघरातून लाटणं मागवलं. निमुळतं टोक, त्यावर चिकटपट्टीचे वेढे, फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या जड चाकाच्या) मधल्या बेअरिंगात घट्ट बसेल इतके. प्लेट त्यावर आपोआप मध्यावर आली. मग क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. काही बोलली नाही.

आता चढवायचं. भावाने आणि मी बॉक्स जॅकवरच्या फळीवर घेतला आणि वर नेला. शाफ्टचे दाते लागेनात, तेव्हा आप्पांनी खुर्चीतून उठून पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन जरासं फिरवलं. खट्. बॉक्स आत सरकला, आणि थांबला. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये करंगळी जाईल इतकी फट.

हलवला, ढकलला, मागे घेऊन पुन्हा घातला. फट तेवढीच. भाऊ म्हणाला, बोल्ट लाव आणि आवळ, ओढला जाईल आपोआप. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. दोन बोल्ट हातात घेतले होते.

"खबरदार," आप्पा म्हणाले. "बोल्ट ओढायला नसतो, धरायला असतो. अॅल्युमिनियमचा कान आहे तो, टक्कन तुटेल."

मला वाटलं प्लेट मध्यावर नाही. म्हणजे लाटण्याचा दोष. बॉक्स खाली घेतला, लाटणं घालून बघितलं, प्लेट जागेवर. पुन्हा चढवला, पुन्हा तीच फट. संध्याकाळ झाली, पाठ धरली होती, आणि मी चिडून म्हटलं की सोमवारी टोइंगवाल्याला बोलवू.

आप्पांनी विचारलं, "फट सगळीकडून सारखी आहे का?"

हे मी बघितलंच नव्हतं. टॉर्च घेऊन गोल फिरवला. वरच्या बाजूला जवळजवळ टेकलेलं, खालच्या कोपऱ्यात उघडं.

"मग प्लेटला कशाला बोल लावतेस? प्लेट अडली असती तर फट चारी बाजूंनी असती. एकीकडेच उघडतंय म्हणजे तिथे मध्ये काहीतरी आहे."

तिसऱ्यांदा बॉक्स खाली. त्या कोपऱ्यातलं ग्रीस आणि माती चिंधीने पुसली आणि दिसलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत यावेत म्हणून दोन पोकळ डॉवेल असतात, बांगडीसारखे, बोल्ट त्यांच्या आतून जातो. आमचे दोन्ही डॉवेल इंजिनालाच राहिले होते. आणि भंगारातल्या बॉक्समध्ये त्याच्या जुन्या इंजिनाचा एक डॉवेल गंजून अडकून आला होता. एका भोकासाठी दोन डॉवेल, तोंडाला तोंड. दोघांच्या कडांवर ताजे चकचकीत ओरखडे. मी बोल्ट आवळला असता तर काय झालं असतं, ते आप्पांनी पुन्हा सांगितलं नाही, नुसतं त्या ओरखड्यांवर बोट ठेवलं.

पकडीने तो हलेना. आप्पांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळून आणायला लावलं आणि त्या कोपऱ्यावर ओतलं. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणून भोक डॉवेलपेक्षा जरा जास्त मोठं होतं. दुसरं पातेलं ओतल्यावर ग्रिप प्लायरने पिळला, तेव्हा डॉवेल किरकिरत बाहेर आला.

त्यानंतर बॉक्स असा आत गेला की भावाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. पहिला बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला.

उरलेलं दुसऱ्या दिवशी जोडलं. तेल बाजूच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं, क्लच केबलला थोडा ढिलेपणा ठेवला. संध्याकाळी आप्पांना शेजारी बसवून सांगवीपर्यंत गेलो. चारही गिअर लोण्यासारखे पडले, न्यूट्रलला आवाज नाही. फक्त वेग दाखवणारा काटा शून्यावरून हलला नाही. केबल जोडायची राहिली होती. आप्पांनी ती निघतानाच ओळखली असणार, कारण परत येईपर्यंत ते काट्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

रात्री आईने वहीत खर्च मांडला. गिअरबॉक्स ४५००, क्लच आणि बेअरिंग, तेल. खाली तिच्या अक्षरात वेगळी ओळ: लाटणं, नवीन, १२०.