८४ नोटिसा आणि एक छोटासा मॅक्रो

आमच्या सोसायटीच्या एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) नोटिसा दरवर्षी मीच काढते. ८४ फ्लॅट, प्रत्येकाला तीन पानं, नाव आणि थकबाकी एक्सेलमधून. वर्डचा मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात प्रत्येकाची माहिती आपोआप भरणं, तसा सोपाय, पण सगळं एकत्र मर्ज करून पाठपोट प्रिंट दिली की तिसऱ्या पानाच्या मागे शेजारच्यांची नोटीस सुरू, त्यांच्या थकबाकीसकट! हे मला अजिबात पटत नाही, कुणाची बाकी दुसऱ्याच्या घरात कशाला जायला हवी?

म्हणून यंदा वर्डमध्ये ऑल्ट एफ११ दाबून मॅक्रो, म्हणजे वर्डकडून काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहिलाच. फर्स्टरेकॉर्ड आणि लास्टरेकॉर्ड (कुठल्या नोंदीपासून कुठल्या नोंदीपर्यंत) दोन्हीला एकच नंबर द्यायचा, डेस्टिनेशन प्रिंटर ठेवायचं, एक्झिक्यूट म्हणायचं आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा) १ ते ८४ फिरवायचा, मग प्रत्येक नोटीस प्रिंटरकडे वेगळा जॉब म्हणून जाते आणि कोऱ्या कागदावरच सुरू होते. फाइल डॉकएम म्हणून सेव्ह करा हं, डॉकएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. आणि थकबाकीत पॉइंटनंतर लांबलचक आकडे दिसले तर त्या फील्डवर (एक्सेलमधला आकडा येतो त्या जागी) शिफ्ट एफ९ दाबून दिसणाऱ्या कोडमध्ये नंबरचा फॉरमॅट टाका.

आधी लूप ३ पर्यंतच ठेवून बघितलं, मग सगळ्या सोडल्या. एक्सेल फ्लॅट नंबरने सॉर्ट केलेलं, त्यामुळे गठ्ठा थेट वाटायला घेतला.