वॉशिंग मशीनचा बोर्ड, भाग ५: तळाला खिडकी पाडली आणि ड्राय सोल्डर सापडला

धुता-पिळताना मधेच बंद पडणाऱ्या आमच्या वॉशिंग मशीनचा कंट्रोल बोर्ड घरीच दुरुस्त करण्याची ही मालिका. काल रात्री पावणेबाराला मशीनने शेवटचा स्पिन पुरा केला, बीप वाजवले आणि आपलं आपण बंद झालं. तीन किलो ओले टॉवेल, पूर्ण सायकल, एकही रीसेट नाही. सगळा वेळ मी स्टूल टाकून डिस्प्लेसमोर बसले होते. मृग लागल्यापासून हे मशीन पहिल्यांदा पिळण्यापर्यंत पोचून नीट थांबलंय, म्हणून आज ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसलेय.

भाग ४ च्या शेवटी मी फार घाईने आनंद केला होता. इनपुटचा ४.७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटर टेस्टरवर ०.६ दाखवत होता, १२ व्होल्टच्या बाजूचाही सुकलेला होता. दोन्ही बदलले आणि सकाळी मशीन चालू करताना दिवा लुकलुकायचा तो प्रकार थांबला. ते निदान बरोबरच होतं, त्याबद्दल शंका नाही. एलएनके३०४ (मेन्सच्या विजेतून बोर्डासाठी कमी व्होल्ट बनवणारा सप्लायचा आयसी) याला ५० मिलिसेकंदांत फीडबॅक, म्हणजे आउटपुट ठीक असल्याची खूण, मिळाला नाही तर तो ८०० मिलिसेकंद गप्प बसतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. माझा दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकायचा, म्हणजे हिशेब जुळत होता. कपॅसिटर बदलल्यावर मशीन पहिल्या दमात उठायला लागलं. पण तो भाग लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, चादरी पिळताना तिसऱ्या मिनिटाला डिस्प्ले विझला, परत लागला आणि मशीन पहिल्या पायरीवर जाऊन उभं राहिलं. टबमध्ये चादरी तशाच, अर्धवट पिळलेल्या.

मग पुढचे सतरा दिवस त्यात गेले.

आधी बोर्डाबाहेरचे संशयित बाजूला काढले. झाकणाचा स्विच उघडला तर हे मशीन थांबून एरर दाखवतं, डिस्प्ले विझत नाही. पाणी उपसलं नाही तरी एररच येतो. मोबाइलवर स्पिनचा व्हिडिओ घेतला आणि तो हळू करून पाहिला, तर सगळे दिवे एकदम जातात आणि चालू करतानाचा बीप परत वाजतो. म्हणजे प्रोसेसरचा ५ व्होल्ट सप्लायच जातोय. मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवतो ती सोय) ठेवून, क्लिप आधी लावून, मग प्लग जोडून मोजलं. टेबलावर कमीत कमी ४.९८ व्होल्ट. मशीनमध्ये, स्पिनला, कमीत कमी ०.९.

इथे एक गोष्ट परत सांगते, कारण भाग २ नंतर काही जणांनी विचारलं होतं. हा सप्लाय आयसोलेटेड नाही. बोर्डावरची ग्राउंड म्हणजे घराच्या वायरिंगचीच एक तार आहे, आणि ५ व्होल्टच्या टोकालाही २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. चालू बोर्डाला हात नाही, मीटरच्या क्लिप प्लग काढूनच लावायच्या, आणि टेबलावरची सगळी कामं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं करणारा) आणि सिरीज बल्बवर (काही शॉर्ट झालं तर करंट अडवणारा). प्लग काढल्यावरही इनपुटचा कपॅसिटर उतरलाय की नाही ते मोजून मगच बोट पुढे करायचं.

टेबलावर बोर्ड दोन दोन तास बिनतक्रार चालायचा. बांबूच्या काडीने ठोकून पाहिलं, कनेक्टर हलवून पाहिले, काही नाही. पॉटिंगमुळे, म्हणजे ओलाव्यापासून वाचवायला बोर्डावर ओतलेल्या रबरामुळे, सगळं एका गादीत रुतून बसलेलं, त्यामुळे ठोकण्याचा धक्का आत पोचतच नाही. (या जातीच्या बोर्डावर ठोकून निदान करायचा नाद सोडा, मी चार दिवस घालवले.)

मार्ग दाखवला हेअर ड्रायरने. पॉटिंग उकरण्यासाठी मी ते ड्रायरने मऊ करते आणि बांबूच्या काडीने सोलते, हे भाग ३ मध्ये लिहिलंय. त्या दिवशी बोर्ड चालू ठेवून दुरूनच गरम हवा दिली आणि साडेतीन मिनिटांत डिस्प्ले विझला. आधी वाटलं आयसीच गेला. एलएनके गरम होऊन स्वतःला बंद करतो खरा, पण ते १४२ अंशांच्या आसपास, आणि तिथून ७५ अंश उतरल्याशिवाय तो परत चालू होत नाही. माझ्या ड्रायरने बोर्ड तेवढा तापणं शक्य नाही, आणि हवा बाजूला केली की दहा सेकंदांत डिस्प्ले परत यायचा. आयसी निर्दोष. मग पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि त्यातून बोर्डाच्या एकेका भागावर हवा सोडत गेले. कनेक्टर, काही नाही. रिले, काही नाही. चोकवर (सप्लायमधलं तारेचं वेटोळं) धरली आणि चाळीस सेकंदांत अंधार. काडीने चोक खाली दाबला की उजेड. सोडला की अंधार. हे मी लागोपाठ नऊ वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी तेच झालं. सतरा दिवसांतला तो सगळ्यात सुंदर क्षण होता.

दोष कळला, पण तिथे पोचायचं कसं? बोर्ड प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवून वरून पॉटिंग ओतलेलं. भाग वरच्या बाजूला, सोल्डर खालच्या बाजूला, म्हणजे मला हवा तो जोड ट्रेच्या तळाशी गाडलेला. पूर्ण बोर्ड सोडवायला गेले तर डिस्प्लेचे दिवे आणि बटणांचे पाय तुटणार हे नक्की. त्यापेक्षा ट्रेच्या तळालाच खिडकी पाडायची ठरवली. वरून मापं घेतली: कनेक्टरच्या कडेपासून ३१ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीपासून १८. ट्रे पालथा केला, आखलं आणि ब्लेडने कापलं. उघडलं तर समोर कोरी ट्रॅक, एकही जोड नाही. पालथं केल्यावर डावं-उजवं उलटतं, हे आखताना सुटलं होतं. एक खिडकी वाया गेली आणि ब्लेडने ट्रॅकवरचं हिरवं लॅकर खरवडलं. ट्रॅक शाबूत आहे, मोजून पाहिली. तुम्ही करणार असाल तर कागदावर वरून ठसा घ्या, कागद उलटा करा आणि तो तळाला चिकटवूनच कापा.

दुसरी खिडकी बरोबर बसली. पॉटिंगचा दोन मिलिमीटरचा थर सोलला, स्पिरिटने पुसलं आणि दहापट भिंग लावलं. चोकच्या एका पायाभोवती, सोल्डरच्या डोंगराच्या मधोमध, केसाएवढी काळी गोल रेघ. पूर्ण वर्तुळ. पाय सोल्डरमधून मोकळा झालेला आणि फक्त टेकून उभा, हाच तो ड्राय सोल्डर. शेजारचा जोड चकचकीत, हा राखाडी, दाणेदार.

असं का होतं, तर हा एकाच बाजूला तांबं असलेला बोर्ड आहे, भोकांना आतून मुलामा नाही. पायाला पकड फक्त खालच्या सोल्डरची. चोक बोर्डावरच्या जड भागांपैकी एक, त्यात पॉटिंग प्रत्येक वेळी गरम झाल्यावर फुगतं आणि त्याला वर ओढतं, वर स्पिनची थरथर. सात वर्षं रोज हेच. ज्या रबराने बोर्ड वाचवायचा त्यानेच जोड उपटला, आणि तो डोळ्याला दिसू नये अशी सोयही केली.

दुरुस्ती वीस मिनिटांची. विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) जुनं सोल्डर उचललं, पाय खरवडून स्वच्छ केला, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावून ६०/४० सोल्डर मारलं. नुसत्या जोडावर भरवसा नको म्हणून तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा पायाला गुंडाळून ट्रॅकवर सेंटीमीटरभर पुढे नेऊन जोडला. दुसरा पायही तसाच केला. माझी २५ वॅटची साधी सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरली. महागडं स्टेशन घ्यावं का असं मला विचारलं जातं, पण घरगुती उपकरणांच्या बोर्डांसाठी चांगला बिट आणि चांगला फ्लक्स यांनी जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत झालंय.

सामानाबद्दल थोडं. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत जा, पण कपॅसिटर घेताना हावरेपणा नको. नावाजलेल्या परदेशी छापाचे, निम्म्या किमतीचे कपॅसिटर मी मागच्या वर्षी घेतले होते. टेस्टरवर दहातले सहा लिहिल्यापेक्षा कमी भरले. आता मिळाले तर केल्ट्रॉनचे घेते, आणि १०५ अंशांचेच. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तेव्हा ८५ ऐवजी १०५ घेतला की त्याच जागी तो चौपट टिकायला हरकत नाही. पॉटिंगखाली उष्णता कोंडते, तिथे तर हे पाळाच. सप्लायमधला फ्रीव्हीलिंग डायोड (आयसी बंद असताना चोकचा करंट वाहू देणारा) बदलायची वेळ आली तर दुकानातले काका सवयीने १एन४००७ पुढे करतात. तो एलएनकेच्या ६६ किलोहर्ट्झच्या वेगाला फार संथ आहे, यूएफ४००७ मागून घ्या. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

खर्चाचा आकडा विचारला जाणारच. कंपनीचा माणूस जूनमध्ये येऊन गेला होता. झाकण न उघडता म्हणाला, "मॅडम, कार्ड गेलंय. सहा हजार दोनशे, वर मजुरी. माझं ऐका, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." त्याला दोष देत नाही. त्याच्या पिशवीत भिंग नव्हतं, आणि असतं तरी पॉट केलेल्या कार्डावर घालवायला त्याला वेळ कोण देणार. माझे कपॅसिटर, विक, सिलिकॉन धरून साडेतीनशेच्या आत गेले. श्रमांचा हिशेब धरत नाही, ते मी आवडीने केले.

पण मला खटकतं ते असं. मोटर उत्तम आहे, टबला गंज नाही, क्लच गेल्या वर्षी मी स्वतः तपासलाय. एवढं धडधाकट मशीन एका गोल रेघेपायी भंगारात जाणार होतं. पॉटिंगच्या मी विरोधात नाही. पुण्याच्या पावसात, झुरळं आणि पाली असलेल्या घरात उघडा बोर्ड दोन वर्षं टिकणार नाही, हे मी शेजारच्यांच्या मशीनमध्ये पाहिलंय. पण सप्लायचा भाग पॉटिंगबाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवता येतो, आणि बोर्डाचा नकाशा छापून देता येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत घरगुती टिकाऊ वस्तू होत्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झालं. माझ्या मॉडेलच्या बोर्डाचा नकाशा मला अजून कुठेही मिळालेला नाही. मी ट्रॅक बघून तो हाताने काढतेय, सप्लायचा भाग पुरा झालाय.

सगळंच दुरुस्त करा असंही मी म्हणणार नाही. आमचा मायक्रोवेव्ह गेला तेव्हा मी तो उघडला नाही, सरळ ई-कचऱ्यात दिला. त्यातला हाय व्होल्टेज कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो आणि तिथे शिकत शिकत काम करायची माझी तयारी नाही. मिक्सरचे कार्बन ब्रश आणि कपलर मात्र कोणीही बदलावेत, त्यासाठी नवा मिक्सर घेणं मला पटतच नाही.

आता पुढचं. बेत असा होता की रविवारी दोन्ही खिडक्यांत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉटिंग) ओतायचं आणि विषय संपवायचा. पण वरचा चोकचा परिच्छेद लिहितानाच लक्षात आलं की त्याने मी तोच सापळा परत लावतेय. ओतलेलं पीयू पुन्हा फुगणार, पुन्हा ओढणार, आणि पुढच्या वेळी परत कापावं लागणार. म्हणून ते रद्द. जोडांवर कन्फॉर्मल लॅकरचे (ओलावा अडवणारा पातळ थर) दोन हात, चोकच्या बुडाशी सिलिकॉनचे दोन ठिपके आणि खिडकीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चकती, कडेने सिलिकॉनने बंद केलेली. चकती नखाने उपटता येईल, आणि न उपटताही टॉर्च मारून जोड बघता येईल. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच हवं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि तांबं खातं. हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक तेच पुढे करतात, ट्यूबवर वाचून घ्या.

आणखी एक डोक्यात आलंय. एवढं करूनही सप्लाय परत गेला तर एलएनकेचा सगळा भाग तोडून टाकायचा आणि हाय-लिंकचं पीएम१२ मॉड्यूल (तयार १२ व्होल्टचा सप्लाय) ट्रेबाहेर, वेगळ्या डबीत बसवून १२ व्होल्ट आत द्यायचे. मॉड्यूल स्वतः आयसोलेटेड असलं तरी ट्रायकमुळे (मेन्स चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बोर्ड मेन्सलाच जोडलेला राहील, म्हणजे काळजी आत्ताइतकीच. मॉड्यूलचे ३ वॅट पुरतात का ते आधी मोजायला हवं, रिले, बझर आणि सगळे दिवे एकदम लावून. ते शनिवारी करते, बोर्ड उघडा आहे तोवरच.

काल मशीन थांबल्यावर आई उठून बाहेर आल्या. गेले दोन महिने चादरी त्या स्वतःच हाताने पिळत होत्या आणि मला एकदाही नवीन घे म्हणाल्या नाहीत. टॉवेल हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला पिळलाय गं. झोप आता."

तुमच्यापैकी कोणाकडे याच ट्रेचा मेलेला बोर्ड पडून असेल तर टाकू नका. तळ सोलून चोकच्या जोडांचा फोटो द्या. माझ्या एकट्याच्या बोर्डाचा दोष आहे की सगळ्यांचा पाय तिथेच सुटतो, ते मला बघायचंय.