दोन नाणी

आज नववीला आनुवंशिकतेचा धडा. फळ्यावर मेंडेल या शास्त्रज्ञाचे आकडे लिहिले: गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत 5,474 गोल वाटाणे आणि 1,850 सुरकुतलेले. मुलांनीच भागाकार केला, जवळजवळ तीनास एक. पहिल्या पिढीत सुरकुतलेला एकही नव्हता, पण तो गुण नाहीसा झाला नव्हता, नुसता झाकला गेला होता. हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी मी शिकवते.

मग लिंगनिश्चिती, म्हणजे एक्स आणि वाय या गुणसूत्रांची गोष्ट: दोन एक्स आले की मुलगी, एक्स आणि वाय आले की मुलगा. दोन नाण्यांवर चिकटपट्टी लावली. आईच्या नाण्यावर दोन्हीकडे एक्स, वडिलांच्या नाण्यावर एकीकडे एक्स, दुसरीकडे वाय. बाकाबाकावरून नाणी फिरली, मुलं ओरडून निकाल सांगत होती.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली.

"मॅडम, म्हणजे आईच्या नाण्याला दुसरी बाजूच नाही?"

"नाही. आई दर वेळी एक्सच देते."

"आम्ही तिघी बहिणी. आजी आईलाच बोलते."

काय बोलावं सुचेना. वडिलांचं नाणंसुद्धा आपोआपच पडतं, त्यांच्या हातात काही नसतं, हेही तिला सांगितलं. नाहीतर दोष फक्त इकडून तिकडे सरकायचा. आणि मुलगी होण्यात दोष कसला, हे तर आधी सांगायला हवं होतं, तेही सांगितलं. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या बाईंनी किड्यांच्या पेशींत लिंग असं ठरतं हे शोधलं, तरी आपल्या स्वयंपाकघरांत अजून पोचलेलं नाही.

ती जरा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "मॅडम, ही नाणी आजच्या दिवस घरी नेऊ?"