सातबाऱ्यावर न दिसणारी विषमता

आज रत्नागिरीकडच्या वाड्यांमधली घरपाहणी झाली. 'जमीन किती?' हा प्रश्न इथे फसतो. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत. क्षेत्र भागलं की सगळे सारखेच गरीब दिसतात. त्यापेक्षा विचारावं: उत्पन्न देणारी आंब्याची कलमं किती, फवारणीचा खर्च कोण करतं, पेट्या कोणाच्या नावाने वाशीच्या घाऊक बाजारात जातात? 'इतर हक्क' हा रकाना तर वाचायचाच, कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची, नोंद तिथेच सापडते. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, १९४९च्या कायद्याने गेली; पण पऱ्ह्यालगतचा (ओढ्यालगतचा) सुपीक मळा कुणाकडे आणि नापीक कातळ कुणाकडे, हे अजून वाडीवार बदलतं. म्हणून सरासरी गावाची नको, वाडीची काढा. आणि बाईला वेगळं विचारा. पुरुष समोर असला की तिची मजुरी 'घरचंच काम' होते, नोंदवहीत शून्य पडतं.