वीणेचा खर्ज आणि तीन वायरी

दुकानदारानं मला तीन वायरी विकल्या. तिन्ही चांगल्या निघाल्या हे आधीच सांगतो, वायरींवर माझा राग नाही.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. सप्ताहात सातही दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यानं वीणेकरी बदलतात. यंदा वीणा भोंग्यावर घ्यायचं ठरलं. भोपळ्याला दहाच्या नाण्याएवढी पितळी पिझो चकती (थरथरीची वीज करणारी) चिकटवली, पिन मिक्सरच्या लाइन इनपुटात खुपसली. मृदंगाचा माईक, मोबाइल सगळं लागलं. वीणेचा मात्र खर्जच गायब! पत्र्याच्या डब्यावर टिचक्या माराव्यात तसा किनरा आवाज. बेस वाढवला की नुसती घुंगघुंग.

परभणीला गेलो. "वायर खराब हाय भाऊ." घेतली. फरक नाही. दुसऱ्या खेपेला "शिल्डवाली न्या." तिसऱ्या खेपेला वीणाच एसटीत मांडीवर घेऊन गेलो, म्हणलं ऐका तरी. शेठनं तार छेडूनसुद्धा बघितली नाही. तासभर काउंटरशी उभा. शेवटी आणखी एक वायर हातात ठेवली, वर "तुमचा अ‍ॅम्प्लिफायरच बारका पडायलाय" म्हणून मोठा दाखवला. तो दाखवायला बरा वेळ होता! मी तिथं जरा आवाज चढवला, ते चुकलंच.

उत्तर दिलं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या भाच्यानं. "मामा, इम्पीडन्स जमंना गेलाय." इम्पीडन्स म्हणजे आवाजाच्या विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. पिझो चकती म्हणजे एक कपॅसिटरच (वीज साठवणारा भाग), आमची साधारण 20 नॅनोफॅरडची. लाइन इनपुट 10 किलोओहमचा. ही जोडी 800 हर्ट्झच्या खालचा आवाज दाबत जाते, आणि खर्ज तर त्याच्या कितीतरी खाली. तोच इनपुट 1 मेगाओहमचा असला तर ही हद्द 8 हर्ट्झवर जाते. त्यानं आपला डीआय बॉक्स, म्हणजे मधे लावून इम्पीडन्स जुळवणारा डबा, दिला: वीणेकडून 1 मेगाओहम, मिक्सरकडं काही शे ओहम, तिथून थेट माईकच्या एक्सएलआरमध्ये (तीन पिनांच्या सॉकेटात).

घेणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह घ्या. त्याला 9 व्होल्टची बॅटरी नाहीतर मिक्सर माईकच्या वायरीतूनच देतो ते 48 व्होल्ट फँटम लागतं. बॉक्स वीणेकऱ्याच्या पायाशीच ठेवा, पिझोची वायर लांबवू नका. पुढच्या यंत्राच्या इनपुटचे ओहम मागच्याच्या आउटपुटच्या ओहमच्या किमान दहापट, एवढा हिशोब पुरे. अरे हो, स्पीकरला हा हिशोब लावू नका. 8 ओहमचे दोन समांतर जोडले की 4 होतात, अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या ओहमच्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही. मल्टिमीटर 8 ओहमच्या स्पीकरला 6 च्या आसपास दाखवतो, त्यानं घाबरू नका. मी घाबरलो होतो.

पाचव्या दिवशी काकड्याला खर्ज घुमला. म्हातारे वीणेकरी वाजवता वाजवता मान वळवून भोंग्याकडं बघायला लागले.

एक वायर आता वीणा ते बॉक्स लागलीय. उरलेल्या दोन शेठ परत घेईना.