बावन्न पिढ्यांचे यजमानपद

घरच्याच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या आडगावच्या हॉटेलाचा इतिहास वाचताना मला हटकून एक शंका येते, ती अशी की या एवढ्या वंशावळीत एकालाही हा धंदा सोडून पळून जावेसे वाटले नसेल का? ही शंका विचारायची तर जपानमध्येच विचारावी, कारण तिथे काही घराण्यांनी हजार वर्षांहून अधिक काळ परक्यांची अंथरुणे घातली आणि काढली आहेत.

यामानाशी प्रांतातल्या हायाकावा या डोंगरी गावात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आधाराने उभे असलेले केइउन्कान हे हॉटेल इ. स. ७०५ मध्ये सुरू झाल्याचे सांगतात आणि २०११ मध्ये गिनेसने त्याची जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून नोंद केली. त्यापूर्वी तो मान इशिकावा प्रांतातल्या आवाझू येथील होशी या हॉटेलाकडे होता, ज्याची स्थापना ७१८ सालची मानली जाते. तेराशे वर्षांची पुण्याई तेरा वर्षांच्या फरकाने हातची जावी, हे जरा निष्ठुरच म्हणायचे.

केइउन्कानच्या ५२ पिढ्या सांगितल्या जातात, होशींच्या ४६. एवढी साखळी केवळ रक्ताच्या जोरावर टिकणे शक्यच नव्हते. कर्ता मुलगा नसेल तर हुशार जावई दत्तक घ्यायचा, त्याला घराण्याचे आडनाव द्यायचे आणि कारभार सोपवायचा, ही जपानी व्यापारी घराण्यांची जुनी रीत. होशींकडे तर गादीवर येणारा प्रत्येक जण झेंगोरो हेच नाव धारण करतो, त्यामुळे मालक बदलला तरी नाव बदलत नाही.

या वंशावळींत पुरुषांचीच नावे ठळक असतात, पण असे हॉटेल प्रत्यक्षात चालते ते ओकामीच्या, म्हणजे घरच्या मालकिणीच्या, जिवावर. पाहुणा पादत्राणे काढून आत आला की त्याला वाकून नमस्कार करणारी ती. कोणाला कोणती खोली द्यायची, सेविकांनी कोठे कमी-जास्त केले, हे पाहणारीही तीच. संध्याकाळी पाहुणा अंघोळीला किंवा जेवायला गेला की त्याच्या खोलीतले बुटके टेबल बाजूला सरकते, चटईवर गादी अंथरली जाते आणि सकाळी ती पुन्हा कपाटात जाते. पिढ्या मोजायच्याच तर या गादीच्या घड्या घालणाऱ्या हातांच्या मोजायला हव्या होत्या, पण ती दप्तरे कोणी ठेवली नाहीत.

माझ्या शंकेचे उत्तर केइउन्कानने २०१७ मध्ये दिले. घराण्यातले कोणीच पुढे येईना, तेव्हा हॉटेलाची सूत्रे तिथेच अनेक वर्षे नोकरी केलेल्या एका कर्मचाऱ्याकडे गेली. परंपरा खंडित झाली अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. मला मात्र दत्तक जावई चालत असेल तर तिथल्याच पाण्यात मुरलेला नोकर का चालू नये, हे समजत नाही. त्याला आपले आडनाव बदलावे लागले नाही, एवढाच काय तो फरक.