भिंतीच्या आतलं पाणी

गावाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. मराठवाड्यातली नगरपरिषद आणि मी तिथला स्थापत्यचा कनिष्ठ अभियंता, एवढं पुरे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा कसा भिजला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच महिन्यातली ही एक रात्र, 15 तारखेची. सकाळी आम्ही ऑफिसात अभियंता दिन म्हणून विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला होता, पेढे वाटले होते.

आमच्या गावातून एक ओढा जातो. जुन्या गावनकाशावर त्याची रुंदी मोजली तर साठ फूट भरते, आज दोन भिंतींच्या मध्ये चोवीस फूट उरली आहे. या दोन भिंती मी बांधून घेतल्या. म्हणजे मोजमाप पुस्तकात सह्या माझ्या आहेत. आरसीसी, नऊ इंच जाडी, आतल्या गल्लीपासून सहा फूट उंच. लोकांनी तेव्हा नारळ फोडला होता.

भिंत बांधली की ओढ्याचं पाणी बाहेर थांबतं, पण गल्लीत पडलेल्या पावसानंही कुठंतरी जायलाच पाहिजे. त्यासाठी भिंतीत नऊ इंची सहा पाइप ठेवले होते. पाइपाच्या ओढ्याकडच्या तोंडाला लोखंडी झडप बसवतात. आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, ओढा चढला की बाहेरच्या दाबानं ती आपोआप मिटते. साधी गोष्ट. इस्टिमेट मंजूर रकमेत बसेना तेव्हा लाल पेनानं पहिली काट मी याच सहा झडपांवर मारली. ‘पुढच्या टप्प्यात घेऊ.’

पहिल्याच पावसाळ्यात त्या उघड्या पाइपांतून ओढा उलटा गल्लीत आला. लोक मोर्चा घेऊन आले. मग मी काय केलं, तर सहाही पाइप काँक्रीटनं बुजवले. त्या वर्षी सत्कारही झाला. अजून लाज वाटते ती त्या शालीची.

15 तारखेला रात्री दहाला पाऊस लागला तो साडेबारापर्यंत हटला नाही. सकाळी आमच्या महसूल मंडळात अतिवृष्टी जाहीर झाली, म्हणजे चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर. रात्री आकडा कुणाला हवा होता? एकच्या सुमाराला फोन आला, गल्लीत मांडीएवढं पाणी आहे. ती वस्ती तीन हेक्टरांची. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला तर तिच्यावर तासात पंधरा लाख लिटर पाणी पडतं. आम्हा लोकांना लिटरपेक्षा टँकर लवकर कळतो, तर बारा हजारी सव्वाशे टँकर. उन्हाळ्यात या गल्लीला मी आठवड्याला दोन टँकर देत होतो आणि तेवढ्यावरही भांडणं व्हायची.

रस्त्याच्या कामावर काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावलेला एक जेसीबी होता. ऑपरेटरला उठवून आणला. भिंत पुलाला टेकते त्या कोपऱ्यात पुलावर मशीन उभं केलं. वरिष्ठांना फोन लावला. ‘लेखी प्रस्ताव द्या’ एवढं बोलणं झालं आणि फोन कटला.

लोकांना वाटत होतं मशीन आलं म्हणजे आता भिंत पाडणार. मीही पाडलीच असती. पण भिंतीवर चढून टॉर्च मारला तर बाहेरचा ओढा आतल्या पाण्यापेक्षा वर होता. मग टेपच्या टोकाला एक मोठा नट बांधला, भिंतीवर दोन्हीकडं पाय सोडून घोड्यावर बसावं तसा बसलो आणि मोजायला लागलो. माथ्यापासून बाहेरचं पाणी दोन फुटांवर, आतलं साडेतीन फुटांवर. या घडीला भिंत फोडली असती तर अख्खा ओढा गल्लीत आला असता.

हे कुणाला सांगायचं? खाली एक म्हातारी दारातल्या ओट्यावर पिठाचा डबा डोक्यावर धरून उभी होती. म्हणाली, ‘‘साहेब, पाणी घरात शिरायलंय अन् तुम्ही वर बसून काय मोजायलाव?’’ एका पोरानं चप्पल फेकली, ती ओढ्यात पडली. मी दर दहा मिनिटांनी ओढ्याकडं नट सोडत होतो, आकडा वाढेल तेवढा ओढा उतरला. सव्वादोन फूट. पुन्हा सव्वादोन. अडीच.

माझं आजोळ बीडचं. 23 जुलै 1989 ला बिंदुसरेनं बीडच्या वस्त्याच्या वस्त्या नेल्या. मामीच्या तोंडून त्या पुराच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. तेव्हापासून पूर म्हटलं की डोक्यात एकच, पाणी बाहेरून येतं आणि ते अडवायचं. सकाळी ज्यांना हार घातला ते विश्वेश्वरय्या 1909 साली हैदराबादला आले ते मुशी नदीसाठी. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. 28 सप्टेंबर 1908 ला मुशीनं हजारो माणसं नेली, अफजलगंजच्या एका चिंचेवर चढून दीडशे लोक वाचले. विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर दोन धरणं सुचवली, पूर वरच धरून ठेवायचा आणि हळूहळू सोडायचा. उस्मानसागर 1920 ला झाला, हिमायतसागर 1927 ला. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव गाळानं भरलाय. त्याची फाइल माझ्याच कपाटात आहे.

पावणेतीनला बाहेर साडेतीन, आत साडेतीन. ऑपरेटर म्हणाला, ‘‘मारू का, साहेब?’’ मी थांबवलं. ओढ्यांचा भरवसा नसतो, वर कुठं दुसरी सर आली तर परत चढतात. सव्वातीनला बाहेर साडेचार झालं आणि मी हात वर केला.

वरून खाली, थोडंथोडं फोडायला सांगितलं. सगळी भिंत एकदम गेली असती तर पाण्याबरोबर खालची माती गेली असती, कोपऱ्यावरच्या घराचा पायाही. ब्रेकरचे दणके पुलावर पायाला जाणवत होते. काँक्रीट पडत गेलं, सळया मात्र तशाच उभ्या राहिल्या. गल्लीतलं पाणी त्या गजांमधून ओढ्यात जायला लागलं आणि जे जे वाहत आलं ते गजांना अडकलं: स्टीलचं झाकण, शाळेचं दप्तर, कापसाची उशी, एक कोंबडी. ऑपरेटर खाली उतरून हातानं कचरा ओढायला लागला. मघाचं चप्पलवालं पोरगंही एका पायात चप्पल घेऊन आलं आणि गजाला धरून काढू लागलं. पाच वाजता गल्लीत नुसता चिखल होता.

माणूस दगावला नाही. धान्य आणि कपडे गेले, तीन शेळ्या गेल्या. दुपारी तलाठ्यांचे पंचनामे सुरू झाले.

आठवड्यानं मला कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय मालमत्तेचं नुकसान, विनापरवानगी. नोटीस चुकीची होती असं म्हणवत नाही. खुलासा चार ओळींत लिहिला आणि सोबत इस्टिमेटचं ते पान जोडलं, सहा झडपांवर माझ्या हातची लाल रेघ असलेलं. त्यावर अजून काहीच आलेलं नाही. पाइप मोकळे करून झडपा मात्र डिसेंबरात बसल्या. भगदाड बुजवायचं इस्टिमेट माझ्या टेबलावर आहे. गल्लीतले लोक म्हणतात, राहू द्या साहेब, गज हायेतच जाळीला.